लॉक मोकळे असताना: लिनक्स कर्नलमधील लॉकचे परीक्षण

लॉकची, म्हणजे सामायिक डेटाला एका वेळी एकानेच हात लावावा म्हणून घातलेल्या कुलपाची, गुणवत्ता दाखवायची झाली की बहुतेक ठिकाणी एकच आलेख समोर येतो: शंभरेक कोअर (प्रोसेसरमधली स्वतंत्र गणनाकेंद्रे) एकाच लॉकवर तुटून पडले आहेत आणि कोणते लॉक किती तग धरते हे मोजले जात आहे. असे प्रसंग येतात आणि ते गंभीरही असतात. पण बरी बांधणी असलेल्या कर्नलमध्ये (ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्यात) लॉक मागितले जाते तेव्हा बहुतेक वेळा ते मोकळेच असते. फाइल उघडताना, पॅकेट पाठवताना किंवा पेज फॉल्ट (हवे ते मेमरीचे पान जागेवर नसणे) हाताळताना वाटेत जी लॉक घेतली आणि सोडली जातात, त्यांच्यापैकी फारच थोड्यांवर त्या क्षणी दुसऱ्या कोणाचा डोळा असतो. म्हणून या परीक्षणात मी लिनक्स कर्नलमधील लॉककडे मुद्दाम दुसऱ्या बाजूने पाहिले आहे. चढाओढ अजिबात नसताना लॉक घेण्यासाठी आणि सोडण्यासाठी किती किंमत मोजावी लागते, आणि ती कमी करण्यासाठी कर्नलच्या कारागिरांनी जे केले ते कितपत साधले आहे, एवढाच इथला विषय आहे. समोर नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेली आणि दीर्घकाळ सांभाळली जाणारी ६.१२ ही आवृत्ती ठेवली आहे, आणि मुख्यतः ६४ बिटांच्या एक्स८६ प्रोसेसरचा विचार केला आहे.

मोकळ्या लॉकसाठी वेगळा विचार करायला हवा, ही कल्पना लिनक्सपेक्षा जुनी आहे. लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९८७ मध्ये मांडलेल्या अल्गोरिदमचा सारा भर त्यावरच होता: केवळ साध्या वाचन-लेखनाच्या जोरावर, चढाओढ नसेल तेव्हा मेमरीला सात वेळा हात लावून काम भागते, मग रांगेत उभे राहण्याची शक्यता असलेल्या प्रक्रिया कितीही असोत. आजच्या प्रोसेसरमध्ये तुलना करून अदलाबदल करणारी ॲटॉमिक (मधे कोणी घुसू शकत नाही अशी अखंड) सूचना हाताशी असल्यामुळे सातांचा एक झाला आहे. तरीही तो एक फुकट नाही. कॅशे लाइन (मेमरीचा एकगठ्ठा हलणारा छोटा तुकडा) आपल्याच कोअरच्या एल१ कॅशेमध्ये (सर्वांत जवळच्या जलद मेमरीत) असताना साधे वाचन चार-पाच सायकलींत (प्रोसेसरच्या घड्याळाच्या ठोक्यांत) होते, तर एक्स८६ वर लॉक हा उपसर्ग (सूचना ॲटॉमिक करणारी खूण) लावलेल्या सूचनेला साधारण वीस सायकली लागतात. शिवाय ती सूचना पूर्ण मेमरी बॅरियर (पुढची-मागची वाचने-लेखने तिला ओलांडू न देणारी) असल्यामुळे आधीच्या लेखनांचा स्टोअर बफर (मेमरीत जायची वाट पाहणाऱ्या लेखनांची रांग) रिकामा होईपर्यंत तिला थांबावे लागते. म्हणजे एका ॲटॉमिक सूचनेचा खर्च ही साधारण लॉकची तळरेषा झाली. कोणते लॉक या तळरेषेच्या किती जवळ राहते, हाच निकष मी पुढे सर्वत्र लावला आहे.

या निकषावर सगळ्यात उजवा ठरतो तो स्पिनलॉक, म्हणजे मिळेपर्यंत न झोपता फिरत वाट पाहायला लावणारा लॉक. वेमन लाँग आणि पीटर झाइलस्ट्रा यांनी घडवलेला क्यूस्पिनलॉक २०१५ मध्ये ४.२ आवृत्तीत आला. तो एक्स८६ वर आजही कायम आहे. त्याचा फास्ट पाथ (लॉक मोकळे असतानाची छोटी वाट) वाचताना समाधान वाटते, कारण त्यात वाचण्यासारखे जवळजवळ काही नाही: चार बाइटांचा शब्द शून्य असेल तर तो एक करायचा, जमले तर परत फिरायचे, आणि न जमल्यास वेगळ्या फंक्शनमध्ये, म्हणजे स्लो पाथमध्ये, जायचे. रांग, न्याय्य क्रम, प्रत्येक कोअरचे स्वतःचे नोड (रांगेतल्या जागा), हे सारे त्या वेगळ्या फंक्शनमध्ये आहे, आणि लॉक मोकळे असेल तर त्यातली एक ओळही चालत नाही. जॉन मेलर-क्रमी आणि मायकेल स्कॉट यांच्या १९९१ च्या एमसीएस लॉकवर ही रांग आधारलेली आहे. मात्र मूळ एमसीएसमध्ये रांगेच्या शेपटाचा पॉइंटर ठेवावा लागतो, आणि ६४ बिटांच्या यंत्रावर एकटा पॉइंटरच आठ बाइट खातो. स्पिनलॉक हा कर्नलच्या शेकडो रचनांमध्ये आत बसवलेला असतो, तेव्हा त्याचा आकार दुप्पट करणे परवडणारे नव्हते. यावर काढलेला तोडगा असा की पॉइंटरऐवजी कोअरचा क्रमांक आणि नोडचा क्रमांक लिहायचा. स्पिनलॉक धरलेला कोअर झोपू शकत नाही, त्यामुळे एका कोअरवर एका वेळी जास्तीत जास्त चार संदर्भ अडकू शकतात (साधे कार्य, सॉफ्ट इंटरप्ट, हार्ड इंटरप्ट आणि एनएमआय, म्हणजे थोपवता न येणारा इंटरप्ट; इंटरप्ट म्हणजे चालू काम थांबवायला लावणारी हाक), आणि म्हणून चार नोड पुरतात. या निरीक्षणामुळे सगळा कारभार ३२ बिटांत मावतो.

स्लो पाथमधली एकच गोष्ट इथे सांगण्याजोगी आहे, कारण ती मोकळ्या लॉकच्या अगदी शेजारच्या परिस्थितीशी संबंधित आहे. एकच जण वाट पाहत असेल, तर त्यासाठी एमसीएस नोडला हात लावणे म्हणजे आणखी एका कॅशे लाइनचा भुर्दंड. म्हणून त्या शब्दात ‘पेंडिंग’ नावाचा एक बिट राखून ठेवला आहे: पहिला वाट पाहणारा हा बिट लावतो आणि लॉकच्या शब्दावरच नजर ठेवून फिरत राहतो, दुसरा आला की मगच रांग सुरू होते. थोडीफार चढाओढ हा मोकळ्या लॉकचाच सख्खा शेजारी आहे, आणि त्याची ही दखल मला फार प्रगल्भ वाटते.

लॉक सोडण्याची बाजू तर याहून स्वस्त आहे, कारण एक्स८६ वर ती फक्त एका बाइटात शून्य लिहिण्याइतकीच आहे. आज हे स्वाभाविक वाटते, पण ते तसे सहज ठरलेले नाही. १९९९ पर्यंत लिनक्समध्ये सोडतानाही लॉक उपसर्गाची सूचना वापरली जात होती. त्या वर्षी मॅनफ्रेड श्प्राउल यांनी दाखवून दिले की ती काढून साधे लेखन केले तर सोडण्याचा खर्च सुमारे २२ टिकांवरून (घड्याळाच्या ठोक्यांवरून) एका टिकवर येतो. असे करणे सुरक्षित आहे का, यावर बराच वाद झाला. लिनस टॉरवाल्ड्स यांचे पहिले मत विरोधातच होते. शेवटी इंटेलच्या अभियंत्याने प्रोसेसरच्या मेमरी क्रमाचे नियम स्पष्ट केले आणि बदल स्वीकारला गेला. पेंटियम प्रोच्या सुरुवातीच्या काही चिपांमध्ये या क्रमाबाबत दोष असल्यामुळे त्यांच्यासाठी जुनी पद्धत वेगळ्या पर्यायाखाली पुढे कित्येक वर्षे सांभाळावी लागली. मोकळ्या लॉकचा खर्च अशा प्रकारे एका फटक्यात जवळपास निम्मा करणारी दुसरी सुधारणा मला या इतिहासात दिसत नाही.

मधल्या काळातल्या तिकीट लॉकचा उल्लेख ओझरता पुरेसा आहे. निक पिगिन यांचा हा लॉक २००८ मध्ये २.६.२५ आवृत्तीत आला, आणि त्याने आधीच्या स्पिनलॉकमधला अन्याय, म्हणजे शेजारच्या कोअरनेच पुन्हापुन्हा लॉक पळवण्याचा प्रकार, संपवला. मोकळे असताना तोही एका ॲटॉमिक बेरजेत मिळत असे, म्हणून आपल्या निकषावर त्याच्यात आणि आजच्या लॉकमध्ये फार अंतर नाही.

आता स्पिनलॉकच्या भोवतीच्या खर्चाकडे वळतो, कारण खरी गळती तिथे आहे. स्पिनलॉक घेण्याआधी प्रीएम्प्शन (चालू कार्य मधेच थांबवून कोअर दुसऱ्याला देणे) थांबवावे लागते आणि सोडल्यावर ते पुन्हा सुरू करावे लागते. २०१४ च्या सुरुवातीला आलेल्या ३.१३ आवृत्तीपासून एक्स८६ वर हा प्रीएम्प्शनचा गणक प्रत्येक कोअरच्या स्वतःच्या चलात ठेवला जातो, त्यामुळे वाढवणे ही एक साधी सूचना झाली. कमी करताना मात्र दोन प्रश्न विचारावे लागत: गणक शून्य झाला का, आणि शेड्युलरला (पुढे कोणते कार्य चालवायचे ते ठरवणाऱ्याला) बोलवायची गरज आहे का. पीटर झाइलस्ट्रा यांनी दुसऱ्या प्रश्नाचा बिट त्याच शब्दात उलटा करून ठेवला, म्हणजे ‘गरज आहे’ याचा अर्थ तो बिट शून्य. परिणामी एक वजा केल्यावर शब्द पूर्ण शून्य झाला तर दोन्ही प्रश्नांचे उत्तर होकारार्थी आहे, हे एकाच तपासणीत कळते. मोकळ्या मार्गावरची एक शाखा वाचवण्यासाठी इतका विचार करणारी माणसे या कामाच्या मागे आहेत, याची खात्री पटवायला एवढे उदाहरण पुरे आहे.

हीच माणसे दुसरीकडे ढिली पडतात, असे मात्र म्हणावे लागते. प्रीएम्प्शनची पद्धत बूट करताना निवडता यावी म्हणून ‘प्रीएम्प्ट डायनॅमिक’ हा पर्याय आला, आणि वितरणांच्या तयार कर्नलमध्ये तो सर्रास चालू असतो. त्याची किंमत अशी की सर्व्हरवर ‘प्रीएम्प्शन नको’ असे सांगितले तरी गणक वाढवण्या-घटवण्याच्या सूचना बांधणीतच राहतात, आणि एक्स८६ वर लॉक सोडणे हे जागच्या जागी लिहिण्याऐवजी फंक्शन कॉल बनून बसते. प्रत्येक वेळचा खर्च किरकोळ असला तरी तो प्रत्येक लॉकला लागतो, आणि बहुतेक वापरकर्त्यांना तो लागतो आहे हेच ठाऊक नसते. सोयीसाठी केलेली ही तडजोड मला समजते, पण पटत नाही.

इंटरप्टही थांबवायचे असतील तेव्हा हिशेब आणखी बदलतो. ‘आयआरक्यूसेव्ह’ प्रकारात आधीचे फ्लॅग (इंटरप्ट चालू की बंद यासारख्या खुणा) वाचून जपावे लागतात, इंटरप्ट बंद करावे लागतात आणि शेवटी पूर्वस्थिती आणावी लागते. पूर्वी शेवटच्या टप्प्यात फ्लॅगचे संपूर्ण रजिस्टर परत भरणारी पॉपएफ ही महागडी सूचना वापरली जाई. आता जपलेला फ्लॅग तपासून, खरोखर गरज असेल तरच इंटरप्ट सुरू केले जातात. सुधारणा चांगली आहे, तरीही सांगितलेच पाहिजे की ज्या ठिकाणी इंटरप्ट चालूच आहेत हे निश्चित माहीत आहे, तिथे सवयीने ‘सेव्ह’ प्रकार वापरणे म्हणजे लॉकच्या किमतीवर फुकटचा कर भरणे. ड्रायव्हरांच्या कोडमध्ये हा कर अजूनही जागोजागी भरलेला दिसतो.

यंत्रात एकच कोअर असेल तर या सगळ्याचे काय होते, हे पाहणे मजेशीर आहे. एकाच प्रोसेसरसाठी बांधलेल्या कर्नलमध्ये स्पिनलॉकचा शब्दच नाहीसा होतो आणि उरते ते फक्त प्रीएम्प्शन थांबवणे. अनेक प्रोसेसरांसाठी बांधलेला कर्नल एका कोअरवर चालला तर तो बूट होताना स्वतःचेच यंत्रभाषेतले कोड बदलतो: लॉक उपसर्गाच्या जागी डीएस सेगमेंटचा निरुपद्रवी उपसर्ग लिहिला जातो, सूचनेची लांबी तेवढीच राहते, आणि ॲटॉमिकपणाचा खर्च नाहीसा होतो. एआरएमच्या ६४ बिटांच्या प्रोसेसरवर याच तंत्राचा वापर उलट दिशेने होतो. तिथे मूळ पद्धत राखून-वाचणे आणि अट-पाळून-लिहिणे या जोडीच्या फेऱ्यांची आहे. प्रोसेसरमध्ये आठव्या आवृत्तीच्या पहिल्या विस्तारापासून आलेल्या थेट ॲटॉमिक सूचना असतील तर कर्नल त्या वापरू लागतो. एकच बायनरी, पण प्रत्येक यंत्रावर मोकळ्या लॉकची किंमत त्या यंत्राच्या ऐपतीप्रमाणे.

व्हर्च्युअल यंत्रांमध्ये मात्र या स्वस्ताईला तडा जातो. रांगेतला पुढचा व्हर्च्युअल कोअर होस्टने (व्हर्च्युअल यंत्रे चालवणाऱ्या प्रत्यक्ष यंत्राने) बाजूला ठेवला असेल, तर त्याच्यामागचे सगळे ताटकळतात. म्हणून पॅराव्हर्च्युअल (आपण व्हर्च्युअल यंत्रात आहोत हे जाणणाऱ्या) स्पिनलॉकमध्ये वाट पाहणारा कोअर झोपतो आणि लॉक सोडणारा त्याला उठवतो. पण कोणाला उठवायचे आहे का, हे सोडणाऱ्याला कळले पाहिजे, आणि ते सुरक्षितपणे कळण्यासाठी सोडतानाही तुलना-अदलाबदलीची ॲटॉमिक सूचना करावी लागते. १९९९ मध्ये जे २२ टिकांचे ओझे उतरवले, त्याच जातीचे ओझे व्हर्च्युअल यंत्राच्या खांद्यावर पुन्हा आले, आणि तेही कोणी झोपलेले नसताना. प्रत्यक्ष यंत्रावर कर्नल बूट होताना ही जागा साध्या लेखनाने भरतो, त्यामुळे तिथे याची झळ लागत नाही. केव्हीएममध्ये (लिनक्सच्या व्हर्च्युअल यंत्रांच्या सोयीत) प्रत्येक व्हर्च्युअल कोअरला स्वतःचा प्रत्यक्ष कोअर बांधून दिला असेल, तर होस्ट पाहुण्या कर्नलला तसा इशारा देऊ शकतो आणि मग पाहुणाही साध्या लॉककडे वळतो. ज्यांची व्हर्च्युअल यंत्रे अशा रीतीने बांधलेली आहेत त्यांनी हा इशारा खरोखर दिला जातो आहे की नाही, एवढे तपासून पाहावे.

म्युटेक्सबद्दल, म्हणजे वाट पाहणाऱ्याला झोपू देणाऱ्या लॉकबद्दल, माझे मत संमिश्र आहे. इंगो मोल्नार यांनी तो २००६ मध्ये २.६.१६ आवृत्तीत आणला, तोवर हे काम सेमाफोरवर (गणकावर चालणाऱ्या जुन्या सोयीवर) भागवले जात होते. पहिल्या रचनेत मोकळे आहे की नाही याचा गणक वेगळा आणि मालकाची नोंद वेगळी होती, त्यामुळे गणक घटवल्यानंतर मालक लिहिण्यासाठी आणखी एक लेखन लागे, आणि या दोहोंच्या मधल्या क्षणात लॉक घेतलेले आहे पण मालक ठाऊक नाही अशी अवघड अवस्था असे. २०१७ च्या ४.१० आवृत्तीत पीटर झाइलस्ट्रा यांनी दोन्ही एकत्र केले. आता मालकाच्या कार्याचा पत्ता हाच लॉकचा शब्द आहे, आणि पत्त्याचे खालचे तीन बिट नेहमी मोकळे असतात म्हणून कोणी वाट पाहत आहे का, लॉक थेट हाती सोपवायचे आहे का, अशा खुणा तिथे ठेवल्या आहेत. घेताना शून्याच्या जागी स्वतःचा पत्ता, सोडताना स्वतःच्या पत्त्याच्या जागी शून्य. रचना म्हणून हे देखणे आहे, आणि मालक दुसऱ्या कोअरवर चालू असेल तोवर न झोपता फिरत राहण्याची युक्तीही त्याच शब्दावरून चालते.

संमिश्र का, तर सोडताना लागणाऱ्या दुसऱ्या ॲटॉमिक सूचनेमुळे. आपण शून्य लिहीत असताना त्याच क्षणी दुसरा कोणी खालच्या बिटात ‘मी वाट पाहतो आहे’ असे लिहू शकतो. साध्या लेखनाने ती खूण पुसली गेली तर तो कायमचा झोपून राहील. या कारणासाठी म्युटेक्सचा मोकळा फेरा तळरेषेच्या दुप्पट पडतो. याला पर्याय नव्हता असे नाही. सोलारिस या युनिक्स-जातीच्या ऑपरेटिंग सिस्टीममध्ये म्युटेक्स सोडताना मालक स्वतःच आहे हे वाचून साधे शून्य लिहिले जाते, ॲटॉमिक सूचना अजिबात नाही. या दोन पायऱ्यांच्या मध्ये प्रोसेसर काढून घेतला गेला तर कर्नल त्या थ्रेडचा सूचनापत्ता या छोट्या पट्ट्याच्या सुरुवातीला परत नेऊन ठेवतो, म्हणजे वाचणे आणि लिहिणे पुन्हा पहिल्यापासून होते. आणि वाट पाहू इच्छिणारा खूण लिहिल्यानंतर मालक कुठल्याही कोअरवर चालू नाही याची खात्री करूनच झोपतो. हिशेबाचे सारे ओझे झोपणाऱ्यावर टाकून सोडणाऱ्याला मोकळे ठेवण्याची ही कला मला लिनक्सच्या रचनेहून सरस वाटते. अर्थात तिची किंमत आहे: इंटरप्टच्या वाटेवर एक खास तपासणी कायमची येते, आणि प्रत्येक नव्या प्रोसेसरसाठी हे असेंब्लीत नव्याने लिहावे लागते. लिनक्स ज्या संख्येने प्रोसेसर सांभाळतो ती पाहता नकार समजण्यासारखा आहे. आणखी एक बारीक तक्रार अशी की एक्स८६-६४ वर म्युटेक्स ३२ बाइटांचा आहे, म्हणजे ६४ बाइटांच्या कॅशे लाइनचा निम्मा भाग. ज्या लॉकवर कधी चढाओढ होणारच नाही, त्यालाही वाट पाहणाऱ्यांच्या यादीची जागा अडवून ठेवावी लागते.

आता या परीक्षणातला सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. वर मी वीस सायकलींची जी गोष्ट केली, ती लॉकची कॅशे लाइन आपल्याच कोअरमध्ये असेल तरच खरी. समजा एकच लॉक आठ कोअर आलटून पालटून घेत आहेत, पण अशा अंतराने की एकाचीही दुसऱ्याशी कधी गाठ पडत नाही. फास्ट पाथच्या दृष्टीने हे लॉक प्रत्येक वेळी मोकळेच आहे, स्लो पाथ एकदाही चालत नाही. तरीही प्रत्येक वेळी कॅशे लाइन आधीच्या कोअरकडून ओढून आणावी लागते, आणि तो कोअर दुसऱ्या सॉकेटवर (वेगळ्या प्रोसेसर चिपवर) असेल तर हा खर्च शंभर नॅनोसेकंदांच्या आसपास किंवा वर जातो, म्हणजे ॲटॉमिक सूचनेच्या कित्येक पट. इथे फास्ट पाथमधली एखादी सूचना वाचवून काहीही साधत नाही. चढाओढ नसलेले लॉक आणि स्वस्त लॉक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि लिनक्सच्या लॉकची रचना कितीही नेटकी असली तरी हे अंतर ती मिटवू शकत नाही.

यातून एक अवघड निवड उभी राहते: लॉक आणि ते ज्याचे रक्षण करते तो डेटा एकाच कॅशे लाइनमध्ये ठेवावा का. लॉक मोकळे असते असे गृहीत धरले तर ठेवावा, कारण लॉक आणताना डेटाही सोबत येतो आणि दुसरी फेरी वाचते. चढाओढ असेल तर ठेवू नये, कारण वाट पाहणारे त्या लाइनला सतत हात लावून मालकाच्याच कामात अडथळा आणतात. २०२३ मध्ये ६.४ आवृत्तीत आलेल्या प्रत्येक व्हीएमएच्या (प्रक्रियेच्या ॲड्रेस स्पेसमधल्या एका सलग क्षेत्राच्या) स्वतंत्र लॉकने ही अडचण ठळकपणे दाखवली. पेज फॉल्टसाठी संपूर्ण ॲड्रेस स्पेसचे एमएमॅप लॉक घेण्याऐवजी त्या तुकड्याचेच लॉक घ्यायचे, ही कल्पना उत्तम होती. पण लॉक व्हीएमएच्या रचनेत आत बसवल्यावर शेजारच्या क्षेत्रांच्या कॅशे लाइनची ओढाताण वाढली आणि कामगिरी घसरली, म्हणून लॉक बाहेर काढून स्वतंत्रपणे वाटप केलेल्या जागेत ठेवावे लागले. ६.१२ मध्ये ते तसेच बाहेर आहे, पुढे ६.१५ मध्ये मांडणी बदलून ते परत आत घेतले गेले. कॅशे लाइनच्या मांडणीबाबत कर्नल कोणतेही सार्वत्रिक उत्तर देत नाही, प्रत्येक रचनेसाठी ते मोजून ठरवावे लागते, आणि ही जबाबदारी लॉक वापरणाऱ्यावर येते.

या मर्यादेवरचा खरा उपाय म्हणजे लॉकच न घेणे, आणि इथे कर्नलचा खजिना समृद्ध आहे. पॉल मॅकेनी यांच्या नावाशी जोडलेली आरसीयू (वाचकांना लॉकशिवाय वाचू देऊन, जुनी प्रत ते सगळे गेल्यावरच टाकून देणारी पद्धत) २००२ पासून लिनक्समध्ये आहे, आणि प्रीएम्प्शन नसलेल्या बांधणीत तिच्या वाचकाचा खर्च शब्दशः शून्य आहे. पर-सीपीयू आरडब्ल्यूसेम हे वाचक-लेखक लॉक याच वाटेने जाते: वाचक फक्त आपल्या कोअरचा गणक साध्या सूचनेने वाढवतो, आणि लेखकाला मात्र सगळे वाचक बाहेर पडेपर्यंत आरसीयूच्या कालावधीइतके थांबावे लागते. फाइलसिस्टीम गोठवणे, कोअर काढणे-घालणे अशी कामे क्वचित होतात, तिथे हा सौदा फायद्याचा आहे. याच जातीचा अधिक धाडसी सौदा जावाचे प्रोग्राम चालवणाऱ्या हॉटस्पॉटमध्ये होता. तिथे लॉक एका थ्रेडच्या नावे पक्षपाती करून ठेवत, म्हणजे त्या थ्रेडला ते परत घेताना ॲटॉमिक सूचनाही लागू नये. पण दुसऱ्या थ्रेडने मागितल्यावर तो पक्षपात मागे घेणे इतके महाग आणि गुंतागुंतीचे ठरले, आणि प्रोसेसरांमध्ये ॲटॉमिक सूचना इतक्या स्वस्त झाल्या, की २०२० मध्ये जावाच्या जेडीके १५ या आवृत्तीपासून ही सोय मुळात बंद ठेवली गेली. लिनक्सने आपल्या सर्वसाधारण लॉकमध्ये हा मोह टाळला, हे योग्यच झाले.

लॉकरेफ हा या खजिन्यातला माझा सर्वांत आवडता प्रकार. २०१३ च्या ३.१२ आवृत्तीत आलेल्या या रचनेत चार बाइटांचा स्पिनलॉक आणि चार बाइटांचा संदर्भगणक (ती वस्तू किती जण वापरत आहेत याची मोजणी) एकाच आठ बाइटांच्या शब्दात शेजारी ठेवले आहेत. लॉक मोकळे दिसत असेल तर ते घेण्याची गरजच नाही. संपूर्ण आठ बाइटांवर एकदाच तुलना-अदलाबदल करून गणक वाढवायचा, आणि मधे कोणी लॉक घेतले असेल तर शब्द बदललेला असल्यामुळे ती अदलाबदल आपोआप फसते. फाइलचा पथ शोधताना हे सतत वापरले जाते. स्पिनलॉक चार बाइटांत मावण्याचा आग्रह किती फळाला आला, तेही इथे दिसते. फाइल वर्णनकांच्या (उघड्या फाइलींच्या क्रमांकांच्या) बाबतीतला शॉर्टकट आणखी साधा आहे: फाइलतक्ता एकाच थ्रेडचा असेल, तर वाचन-लेखनाच्या वेळी फाइलचा संदर्भगणक वाढवलाच जात नाही. तक्ता दुसऱ्या कोणाशी वाटून घेतलेला नाही, मग संरक्षण कोणापासून करायचे?

कर्नलच्या बाहेर, यूजरस्पेसमध्ये (साध्या प्रोग्रामांच्या बाजूला), फ्युटेक्स या लॉकच्या सोयीने हेच तत्त्व टोकाला नेले आहे. मोकळे लॉक घेताना कर्नलमध्ये प्रवेशच होत नाही. तो स्वतंत्र परीक्षणाचा विषय आहे.

रिअल-टाइम (ठरल्या वेळेत प्रतिसादाची हमी देणारी) बांधणी निवडणाऱ्यांना एक इशारा. ६.१२ मध्ये ही बांधणी, म्हणजे प्रीएम्प्ट आरटी, मुख्य कर्नलमध्ये दाखल झाली, आणि ती चालू केल्यावर साधा स्पिनलॉक आतून झोपू शकणारा आरटी-म्युटेक्स बनतो. मोकळ्या अवस्थेतला त्याचा फास्ट पाथ एका अदलाबदलीचाच आहे, पण सोडतानाची साध्या लेखनाची चैन संपते, कोअर बदलण्यावर बंदी घालणे आणि आरसीयू वाचकाची नोंद ही कामे वाढतात, आणि लॉकचा आकारही वाढतो. प्रतिसादाची हमी हवी असेल तर हे मोल देणे भाग आहे. केवळ ‘अधिक वेगवान’ असेल या समजुतीने ती निवडणाऱ्याची निराशा होईल.

डीबगच्या सोयींबद्दल माझी तक्रार नाही. २००६ पासून असलेले लॉकडेप प्रत्येक लॉकच्या क्रमाचा आलेख ठेवते, आणि ते चालू असताना म्युटेक्सचा फास्ट पाथ मुळातच वगळला जातो. चुका पकडण्यासाठी ते अमूल्य आहे. फक्त त्या बांधणीवर घेतलेले वेळेचे आकडे कोणाला दाखवू नयेत.

तक्रार आहे ती मोजमापाच्या साधनांबद्दल. २०२२ च्या ५.१९ आवृत्तीत चढाओढ सुरू झाली आणि संपली या दोन क्षणांचे ट्रेसपॉइंट (कर्नलमधल्या नोंद घेण्याच्या जागा) आले, आणि पर्फ या मोजणीच्या साधनातली ‘पर्फ लॉक कंटेन्शन’ ही आज्ञा त्यांवर चालते. हे ट्रेसपॉइंट फक्त स्लो पाथमध्ये आहेत, त्यामुळे मोकळ्या लॉकवर त्यांचा भार पडत नाही, आणि म्हणूनच ते उत्पादनातल्या यंत्रावरही चालवता येतात. पण याच कारणाने आठ कोअरांमध्ये फिरणाऱ्या त्या लॉकबद्दल ते अवाक्षरही काढत नाहीत, कारण ते लॉक स्लो पाथमध्ये कधी जातच नाही. सोलारिसमध्ये डीट्रेस या निरीक्षणाच्या साधनाचे लॉकस्टॅट चालू केले की फास्ट पाथच्या शेवटची परत फिरण्याची सूचना त्या वेळेपुरती बदलली जाते, आणि बंद केले की जशीच्या तशी परत येते. मोकळ्या लॉकचीही मोजदाद होते आणि एरवी खर्च शून्य. लिनक्समध्ये एफट्रेस या फंक्शनांचा माग काढणाऱ्या साधनाने म्युटेक्स घेणारे फंक्शन मोजता येते, पण जागच्या जागी लिहिलेल्या लॉकपर्यंत तो पोहोचत नाही. त्यामुळे कोअर वाढवल्यावर प्रत्येक विनंतीमागच्या सायकली वाढत असतील आणि कंटेन्शनची यादी रिकामी दिसत असेल, तर ४.१० पासून उपलब्ध असलेले ‘पर्फ सी२सी’ चालवून कोणत्या कॅशे लाइन एका कोअरकडून दुसऱ्याकडे जात आहेत ते पाहावे, आणि यंत्रभाषेतल्या नोंदींत लॉक उपसर्गाच्या सूचनेनंतरच्या ओळीवर साचलेले नमुने (पर्फने ठरावीक अंतराने टिपलेल्या नोंदी) शोधावेत. खर्च त्या सूचनेचा असला तरी नमुना बहुधा तिच्या पुढच्या सूचनेच्या नावावर पडतो.